दोन रेल्वे, दोन वर्णमाला आणि एक गाव : नेब्रास्कातलं हेस्टिंग्ज कसं वसलं

माळरान

अमेरिकेतल्या प्रेअरीवरची, म्हणजे गवताळ सपाट माळावरची, गावं कशी वसली, यावर इथे मागे एकदा ओझरती चर्चा झाली होती. तेव्हा बऱ्याच जणांचं म्हणणं असं दिसलं की आधी शेतकरी आले, वस्ती वाढली आणि मग सोय म्हणून रेल्वे आली. मी बरीच वर्षं नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये राहतो आणि या भागाचा इतिहास वाचायचा मला नाद आहे. इथल्या बहुतेक गावांबाबत हा क्रम नेमका उलटा आहे. आधी कागद, मग रूळ, मग गाव आणि सगळ्यात शेवटी माणसं. हेस्टिंग्ज या एका गावाच्या निमित्ताने ते सविस्तर मांडतो.

नेब्रास्काचा नकाशा उघडा आणि लिंकनच्या नैर्ऋत्येला असलेल्या क्रीटपासून रुळांवर बोट ठेवून पश्चिमेकडे निघा. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झीटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनिआटा, केनेसॉ, लोवेल. इंग्रजी आद्याक्षरं बघा: सी, डी, ई, एफ, जी, एच, आय, जे, के, एल. ही 'बर्लिंग्टन अँड मिसूरी रिव्हर रेलरोड'ची लाइन. मिसूरी नदीकाठच्या प्लॅट्समथहून १८६९ मध्ये काम सुरू झालं, १८७० मध्ये रूळ लिंकनला पोचले आणि १८७२ मध्ये कर्नी इथे युनियन पॅसिफिक या दुसऱ्या रेल्वेला जाऊन मिळाले. मधला सगळा मुलूख गवताचा. सलग गावं वसवायची तर नावं लागणार, आणि कंपनीने ती वर्णमालेच्या क्रमाने लावून टाकली.

आता पैशाचं गणित. १८६४ च्या कायद्याने सरकारने या कंपनीला रुळांच्या दर मैलामागे जमीन दिली. नेब्रास्कात ती एकूण सुमारे २४ लाख एकर भरली. सगळी जमीन आधीच एक मैल बाय एक मैल अशा चौकोनांत मोजलेली होती. एका चौकोनाला म्हणायचं सेक्शन, म्हणजे ६४० एकर. रुळांच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यातले विषम क्रमांकाचे सेक्शन कंपनीचे, सम क्रमांकाचे सरकारकडे. सरकारच्या सेक्शनांवर १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, पाच वर्षं राहून जमीन कसली की ती जवळजवळ फुकट मिळायची. पण रेल्वेच्या पट्ट्यात १६० ऐवजी बहुतेकांना ८० एकरच. कारण उघड होतं. रेल्वेजवळची जमीन दुप्पट मोलाची, असं सरकारनेच गृहीत धरलं होतं.

पण गवताळ जमीन विकत कोण घेणार? जवळ दुकान हवं, टपाल हवं, धान्य चढवायला धक्का हवा. गाव असेल तरच शेत विकलं जाणार, आणि शेतं विकली गेली तरच गाड्यांना माल मिळणार. म्हणून दर काही मैलांवर गाव हवंच होतं. बैलगाडीने किंवा घोडागाडीने धान्य घेऊन आलेल्या शेतकऱ्याला दिवस मावळायच्या आत घरी परतता यावं, इतकं ते अंतर असायचं.

माझ्या मते कळीची गोष्ट यापुढे आहे. गावांचे प्लॉट पाडून विकण्याचं काम रेल्वे कंपनीने स्वतः केलं नाही. बर्लिंग्टनशी संबंधित बड्या मंडळींनी त्यासाठी 'साउथ प्लॅट लँड कंपनी' ही वेगळी कंपनी काढली. स्टेशन कुठे होणार हे ठरवणारे आणि स्टेशनासमोरचे प्लॉट विकणारे, एकाच वर्तुळातले लोक. स्टेशनाची जागा ही त्या काळातली सगळ्यात महाग बातमी होती आणि ती त्यांच्याच घरात होती.

जुनिआटा हे त्यांच्या यादीतलं जे अक्षराचं गाव. रूळ येण्याच्या आदल्या वर्षी, १८७१ मध्ये, मिशिगनहून आणलेल्या माणसांनी तिथे होमस्टेडचे दावे लावून जागा धरून ठेवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲडम्स कौंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कारभार सुरू झाला आणि जुनिआटा तिचं मुख्य ठाणं झालं. म्हणजे कोर्ट, जमिनीच्या नोंदी, करभरणा, सगळं तिथे. कंपनीच्या दृष्टीने सगळं जुळून आलं होतं.

पण दक्षिणेकडून दुसरी रेल्वे येत होती. 'सेंट जोसेफ अँड डेन्व्हर सिटी'. मिसूरी राज्यातल्या सेंट जोसेफहून निघून ती वायव्येकडे सरकत होती आणि तिनेही गावांना वर्णमालेनेच नावं दिली होती: अलेक्झांड्रिया, बेल्व्हिडिअर, कार्लटन, डेव्हनपोर्ट, एडगर, फेअरफील्ड, ग्लेनविल. पुढचं अक्षर एच. १८७२ मध्ये ही लाइन बर्लिंग्टनच्या रुळांना जाऊन भिडली, ती जुनिआटाच्या पूर्वेला काही मैलांवर, आणि तिथे हेस्टिंग्ज उभं राहिलं. नाव मिळालं त्या दुसऱ्या कंपनीतल्या कर्नल डी. टी. हेस्टिंग्ज यांचं.

म्हणून नकाशावर इनलँड आणि जुनिआटा यांच्या मधोमध, आय आणि जे यांच्यामध्ये, हे एक उपरं एच येऊन बसलेलं दिसतं. बर्लिंग्टनच्या यादीतलं एच केव्हाच हार्वर्डला देऊन झालं होतं. दोन लाइनींवर गाड्या असलेलं ठिकाण हे एका लाइनीवरच्या ठिकाणाला भारी पडणारच. व्यापारी, लाकडाच्या वखारी, हॉटेलं हेस्टिंग्जकडे सरकू लागली. मग कौंटीच्या ठाण्यावरून भांडण जुंपलं, मतदान झालं आणि १८७८ पर्यंत ठाणं जुनिआटाहून हेस्टिंग्जला गेलं. १८८० च्या जनगणनेत हेस्टिंग्जची लोकसंख्या २,८१७ होती. आज ती २५ हजारांच्या घरात आहे. जुनिआटा हजाराच्या आत.

ज्यांनी जुनिआटाला प्लॉट घेतले, त्यांनी कंपनीच्या शब्दावर आणि कौंटीच्या ठाण्यावर भरवसा ठेवूनच घेतले असणार. त्यांच्याविषयी वाचताना मला आजही वाईट वाटतं. त्यांच्या कष्टात काहीच कमी नव्हतं. दुसरी लाइन कुठे आडवी जाणार, हे त्यांच्या हातात नव्हतं एवढंच.

अशी आणखी उदाहरणं कोणाला माहीत असतील तर जरूर लिहा.

---

सुमेधा_के

फार सुंदर धागा. दोन वर्णमाला एकमेकींना छेदतात हे वाचून लगेच नकाशा उघडला. खरंच तसंच आहे!

एक प्रश्न. क्रीटपासून पुढे जाताना मला डॉर्चेस्टर आणि एक्झीटरच्या मध्ये 'फ्रेंड' दिसलं, आणि ग्राफ्टन-हार्वर्डच्या मध्ये 'सटन'. ही कशी काय मध्ये घुसली? आणि लोकांना इतक्या लांब, ओसाड जागी यायला कंपनीने राजी कसं केलं?

---

माळरान

सुमेधाताई, ही दोन्ही गावं कंपनीच्या यादीबाहेरची. फ्रेंड हे चार्ल्स फ्रेंड नावाच्या होमस्टेडवाल्याच्या जमिनीवरचं, म्हणून त्याचं नाव. सटनच्या जागी लुथर फ्रेंच हा गृहस्थ १८७० मध्येच, रुळांच्या आधी येऊन बसला होता. म्हणजे माणसं आधी आणि रेल्वे नंतर असं अजिबात झालंच नाही, असं नाही. पण ज्या गावांच्या नावांनी वर्णमाला मोडते, तिथेच नेमका कोणीतरी आधी येऊन बसलेला सापडतो, हे मला विलक्षण वाटतं.

लोकांना आणायचं तंत्र म्हणजे जाहिरात आणि उधारी. बर्लिंग्टनची १८७२ ची एक भित्तिजाहिरात प्रसिद्ध आहे. आयोवा आणि नेब्रास्कातली लाखो एकर जमीन, १० वर्षांच्या मुदतीने, ६ टक्के व्याजाने. पहिली काही वर्षं फक्त व्याज भरायचं, मुद्दल चार वर्षांनंतर, दरवर्षी एकसप्तमांश. याशिवाय 'जमीन बघायला जायचं तिकीट' मिळायचं. ते काढून जा, जमीन बघा, आणि ३० दिवसांत विकत घेतलीत तर तिकिटाचे पैसे पहिल्या व्याजातून वळते. रिकाम्या हाती परतलात तर भाडं तुमचं. घर सोडून हजार मैल आलेला माणूस महिन्याच्या मुदतीत काय निर्णय घेईल, याचा कंपनीला पुरेपूर अंदाज होता.

जाहिराती युरोपातही पोचल्या. सटनला १८७३ मध्ये रशियातून, काळ्या समुद्राच्या बाजूने, जर्मन शेतकऱ्यांची कुटुंबं आली. त्यांच्या पूर्वजांना रशियात बोलावताना दिलेल्या सवलती १८७१ मध्ये झारने काढून घेतल्या होत्या. गवताळ सपाट प्रदेशात गहू पिकवायची त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती, त्यामुळे असे शेतकरी इथल्या कंपन्यांना हवेच होते.

---

जुना_गार्ड

मी रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालोय, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. वाचताना मनात आलं की आपल्याकडे मनमाड, भुसावळ, इगतपुरी ही गावंही रेल्वेनेच वाढवली. मग आपल्याकडे असा प्लॉटविक्रीचा धंदा का झाला नाही? जी.आय.पी.वाले (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) काही धर्मात्मे नव्हते.

---

माळरान

जुना_गार्ड काका, फार मार्मिक प्रश्न. फरक करारात आहे. जी.आय.पी.चा ईस्ट इंडिया कंपनीशी १८४९ मध्ये करार झाला, त्यात भागधारकांच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. रुळांसाठी लागणारी जमीन सरकार फुकट देणार होतं, पण तीही ९९ वर्षांच्या मुदतीने. गाडीला गर्दी असो वा नसो, लंडनच्या भागधारकाला त्याचे ५ टक्के मिळणार. ती तूट भरायची ती इथल्या रयतेच्या करातून. मग कशाला कोण गावं वसवून प्लॉट विकत बसेल? भुसावळला गाव वाढलं ते लोकोशेड, वर्कशॉप आणि जंक्शनची गरज म्हणून. रेल्वेला कामगार हवे होते, त्यांच्यासाठी चाळी आणि बंगले झाले.

अमेरिकन सरकारने प्रेअरीतल्या या कंपन्यांना रोख हमी दिली नाही, जमीन दिली. ती विकली नाही तर पैसा उभा राहत नव्हता. त्यामुळे इथे रेल्वे कंपनीला जमिनीची दलालीही करावी लागली. रूळ दोन्हीकडे सारखेच, पण पैसा कुठून यायचा यावरून गावाची जात ठरली.

---

रानजाई

लेख आवडला, पण एका गोष्टीचा उल्लेख नाही याची चुटपुट लागली. 'सगळा मुलूख गवताचा' असं तुम्ही लिहिलंत. तो मुलूख रिकामा नव्हता.

ॲडम्स कौंटीचा भाग पॉनी या मूळ रहिवासी लोकांचा. ते नुसते भटके शिकारी नव्हते. मातीने लिंपलेल्या मोठ्या गोल घरांची त्यांची गावं होती, मका, भोपळा, घेवडा यांची शेती होती. वसंतात पेरणी करून उन्हाळ्यात रानरेड्यांच्या (बायसन) शिकारीला जायचं, कापणीला परत यायचं, मग पुन्हा हिवाळी शिकार, असं त्यांचं वर्षाचं चक्र. प्लॅट नदीच्या दक्षिणेची जमीन १८३३ च्या तहाने त्यांच्याकडून गेली. १८५७ च्या तहाने उरलेलीही गेली आणि लूप नदीकाठी एक राखीव तुकडा तेवढा राहिला.

१८६७ च्या सुमारास युनियन पॅसिफिकचं बांधकाम चालू असताना रुळांच्या रक्षणासाठी पॉनी स्काउटांची पलटण नेमली होती. म्हणजे ज्या रुळांनी रानरेड्यांचे कळप तोडले आणि वसाहतवाले आणले, ते रूळ सांभाळायला यांचीच तरुण पोरं उभी होती. ५ ऑगस्ट १८७३ ला नैर्ऋत्य नेब्रास्कात, उन्हाळी शिकारीला गेलेल्या पॉनी कुटुंबांवर सू या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांचा मोठा हल्ला झाला आणि त्यात बायकामुलं मोठ्या संख्येने मारली गेली. त्यानंतरच्या दोनेक वर्षांत ते लोक नेब्रास्का सोडून आजच्या ओक्लाहोमात गेले.

तारखा शेजारीशेजारी ठेवून बघा. हेस्टिंग्ज १८७२. हत्याकांड १८७३. पॉनींचं स्थलांतर १८७४-७५. ही एकाच गोष्टीची पानं आहेत असं मला वाटतं.

---

माळरान

रानजाई, मनापासून आभार. हे मूळ लेखासोबतच वाचायला हवं. प्लॉटच्या पहिल्या खरेदीखतात विकणारी म्हणून कंपनीचं नाव असतं, त्याआधीच्या मालकांचं नाव त्या कागदावर कुठेच येत नाही.

---

ढेकूळ

शेतीवाला माणूस असल्याने माझं लक्ष भलतीकडेच गेलं. घरं कशाची बांधली? प्रेअरीत झाडं नाहीत ना?

---

माळरान

ढेकूळभाऊ, शेतावरचं घर मातीचं आणि गावातलं दुकान लाकडाचं.

शेतकरी खास नांगराने गवताची पट्टी सोलून काढायचा. त्या पट्टीचे हातभर लांब, वीतभर रुंद, तीन-चार बोटं जाड तुकडे पाडायचे. मुळांचं जाळं इतकं घट्ट की तुकडा उचलला तरी फुटत नाही. गवताची बाजू खाली करून थर लावायचे, दोन तुकडे जाडीची भिंत. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पण पावसात छत गळायचं आणि पाऊस थांबल्यावरही दिवसभर गळतच राहायचं. आतून मातीचे कण, किडे, क्वचित सापही पडायचे, म्हणून बायका छताखाली स्वस्त मलमलचं कापड ताणून बांधायच्या. सॉलोमन बुचर नावाच्या फोटोग्राफरने १८८६ पासून कस्टर कौंटीत अशा घरांसमोर उभ्या कुटुंबांचे फोटो काढले. नक्की बघा. बायकांनी ठेवणीतले कपडे घातलेत, मातीच्या भिंतीत काचेची खिडकी आहे.

गावात मात्र पाइनचं लाकूड. ते मिशिगन-विस्कॉन्सिनच्या जंगलांतून शिकागोमार्गे रेल्वेनेच यायचं, म्हणून नव्या गावात लाकडाची वखार अगदी पहिल्या धंद्यांपैकी. बाजारातल्या प्लॉटचा दर्शनी भाग बहुधा २५ फूट रुंद आणि खोली चांगली १४० फुटांपर्यंत. दुकान बुटकंच, पण समोरची फळ्यांची भिंत छपराच्या वर चढवून चौकोनी केलेली, म्हणजे लांबून दुमजली वाटावं. कोपऱ्याचा प्लॉट महाग, तो बहुधा बँकेला. आणि लाकडी बाजार म्हणजे आग. हेस्टिंग्जच्या बाजारपेठेतली बरीच दुकानं १८७९ च्या आगीत गेली, नंतर विटांची झाली.

झाडांचं म्हणाल तर त्या काळच्या नेब्रास्कात झाड ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती की वृक्षारोपणाचा 'आर्बर डे' इथेच, १० एप्रिल १८७२ ला पहिल्यांदा साजरा झाला. हेस्टिंग्जच्या जन्माचंच वर्ष.

---

अक्षांश

माळरान, तुमचा अभ्यास दांडगा आहे यात वाद नाही. पण मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. 'कागद आधी, माणसं शेवटी' असं म्हटलं की कंपनीने गाव बनवलं आणि लोक नुसते येऊन राहिले, असं वाटतं. कागदावरची कित्येक गावं कागदावरच मेली. १८७३ मध्ये ईस्टरच्या दिवशी, १३ एप्रिलला, नेब्रास्कात तीन दिवसांचं हिमवादळ आलं. १८७४ च्या उन्हाळ्यात टोळधाड. मका, भाज्या तर खाल्ल्याच, पण घोड्यांचा साज, दोरीवरचे कपडे, घामाने मुरलेले अवजारांचे दांडेही कुरतडले. त्यातही जे टिकले, ज्यांनी शाळा काढली, चर्च बांधलं, त्यांनी गाव वसवलं असं मी म्हणेन. कंपनीने फक्त रेघा मारल्या.

आणि कौंटीचं ठाणं तर मतदानानेच हललं ना? कंपनीच्या आवडत्या जुनिआटाला लोकांनी नाकारलं. ही लोकांचीच ताकद झाली की.

---

माळरान

अक्षांश, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. टोळधाडीनंतर बरेच जण पूर्वेकडे परत गेले आणि जे राहिले ते जिद्दीनेच राहिले. गाव *टिकवलं* लोकांनी, हे मला शंभर टक्के मान्य.

पण मतदानाचं उदाहरण मला तुमच्या बाजूचं वाटत नाही. मत द्यायची वेळ आली तोवर हेस्टिंग्जला दोन लाइनी होत्या आणि त्यामुळे माणसंही जास्त होती. जुनिआटाचे लोक आळशी होते का? त्यांनी शाळा नव्हती काढली का? सगळं केलं होतं. लोकांच्या कष्टाला फळ कुठे यायचं आणि कुठे नाही, याची हद्द रुळांनी आखून दिली होती, एवढाच माझा मुद्दा.

वर्णमालेतलं शेवटचं लोवेल बघा. काही काळ तिथे सरकारचं जमीन कार्यालय होतं, दावे लावायला आलेल्यांची झुंबड असायची. कार्यालय दुसरीकडे गेलं आणि गाव ओसरलं. आज तिथे गाव म्हणावं असं फार काही नाही.

---

मृण्मयी_सास्काटून

कॅनडातून हजेरी. इकडेही हाच प्रकार, फक्त तीसपस्तीस वर्षं उशिरा. ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीने सस्कॅचवनमधून लाइन टाकली तेव्हा वर्णमालाच वापरली. फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जास्मिन, केलिहर, लेस्टॉक ही ओळीने येणारी गावं. या ओळीच्या अलीकडे मेलव्हिल आहे, ते मोठं ठाणं म्हणून आखलेलं, आणि तिथे क्रम मोडून कंपनीच्या अध्यक्षाचं, चार्ल्स मेलव्हिल हेज यांचं नाव दिलंय. हे हेज १९१२ मध्ये टायटॅनिकवर होते, त्यातच गेले.

इकडे प्रत्येक गावाची ओळख म्हणजे धान्याचा एलेव्हेटर. रुळाकाठी उंच लाकडी कोठार, त्यावर गावाचं नाव. सपाट प्रदेशात ते मैलोन्‌मैल आधी दिसायचं. ट्रक आणि डांबरी रस्ते आले, शेतकरी लांबच्या मोठ्या काँक्रीटच्या कोठारांकडे धान्य नेऊ लागला आणि दहा मैलांवर गाव असण्याचं कारणच उरलं नाही. फाट्यांचे रूळ उखडले, कोठारं पाडली. अशा कितीतरी गावांत आज मोजकीच घरं उरलीत. माळरान म्हणतात तेच मला इथे रोज दिसतं: घोडागाडीच्या अंतरावर आखलेली गावं घोडागाडीबरोबरच संपत आली.

---

खडीफोड्या

रेल्वे आली *नाही* म्हणून काय होतं, त्याचंही एक उदाहरण इथे असायला हवं. कॅन्ससमधलं निकोडेमस.

१८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी हे गाव वसवलं. सॉलोमन नदीकाठी, उघड्या माळावर. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खोदलेल्या खोल्यांत काढला. दहा वर्षांत तिथे चर्च, शाळा, हॉटेल, बँक आणि दोन वर्तमानपत्रं झाली. सगळं होतं, रेल्वे तेवढी नव्हती. १८८७ मध्ये गावाने मिसूरी पॅसिफिकसाठी १६,००० डॉलरांचे रोखे काढायचं ठरवलं. ज्यांच्या पिढीने स्वतःची विक्री होताना पाहिली होती, ते लोक आता रेल्वेसाठी कर्ज उभारायला तयार झाले होते. मिसूरी पॅसिफिक आलीच नाही. युनियन पॅसिफिक आली ती नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून, आणि तिथे बोग नावाचं गाव झालं. निकोडेमसचे दुकानदार एकेक करून तिकडे गेले.

अक्षांश, मला वाटतं तुमच्या आणि माळरान यांच्या वादात हे उदाहरण निर्णायक आहे. जिद्द, एकी, शाळा, चर्च, यांत निकोडेमस कुठेही कमी नव्हतं.

---

अक्षांश

खडीफोड्या, हे ठाऊक नव्हतं. पण त्यातलं दुसरं टोकही सांगतो, कारण तुमचा प्रतिसाद वाचून लगेच शोधलं. निकोडेमस मेलं नाही. वस्ती अगदी थोडी उरली, पण वंशज दरवर्षी उन्हाळ्यात तिथे जमतात आणि १९९६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. व्यापार रेल्वेमागे गेला, हे मान्य. पण आपण कुठले, या प्रश्नाचं उत्तर त्या लोकांनी बोगला जाऊन बदललं नाही. गाव म्हणजे नुसती बाजारपेठ, असं धरलं तर तुम्ही जिंकलात. मी तसं धरत नाही.

---

सुमेधा_के

इतकी समृद्ध चर्चा बऱ्याच दिवसांनी वाचली. हेस्टिंग्जला प्रत्यक्ष जायचं झालं तर बघण्यासारखं काय आहे? पुढच्या उन्हाळ्यात डेन्व्हरला भावाकडे जाणार आहे.

---

माळरान

सुमेधाताई, शिकागोहून निघत असाल तर 'कॅलिफोर्निया झेफिर'नेच या. हेस्टिंग्जला ती आजही थांबते आणि धावते ती त्याच बर्लिंग्टनच्या मार्गावरून. मात्र ती इथे पोचते रात्री, त्यामुळे गावं बघायची तर लिंकनला उतरून गाडी भाड्याने घ्या आणि महामार्ग क्रमांक ६ धरा. हार्वर्डसारखी काही गावं मुख्य रस्त्यापासून आत पडतात, तिथे वळून जा.

हेस्टिंग्जचं स्टेशन १९०२ चं आहे, ओमाहाचे वास्तुविशारद थॉमस किंबॉल यांनी बांधलेलं. तिथून पश्चिमेला काही मैलांवर जुनिआटा. तिथे नक्की थांबा. रस्त्यांची रुंदी बघा आणि रुळांशी त्यांची मांडणी कशी आहे ते बघा, म्हणजे केवढ्या मोठ्या गावाची आखणी केली होती ते लगेच ध्यानात येतं. एक सूचना: १८९० च्या जनगणनेत हेस्टिंग्जचा आकडा १३,५८४ दिसेल आणि १९०० मध्ये एकदम ७,१८८. मधल्या दुष्काळाने लोक गेले हे खरंच, पण १८९० चे नेब्रास्कातले शहरांचे आकडे फुगवलेले होते, असंही अभ्यासक मानतात. जास्त लोकसंख्या दिसली की प्लॉटला भाव, त्यामुळे तेव्हाही आकड्यांत हात मारायला कारण होतंच.

मृण्मयी, इटुना-जास्मिन भागातल्या कोठारांवर वेगळा धागा काढाल का? फोटो असतील तर तेही टाका.

---

मृण्मयी_सास्काटून

काढते. कापणीच्या दिवसांत तिकडून जाणं होईल, तेव्हा उभी राहिलेली कोठारं एकेक करून टिपते आणि मग लिहिते.